मोटारीच्या एंजिनांतील गळतें तेल

नळ गळूं लागला कीं त्याची टपटप रात्रीं साऱ्या घराला जागें करते. मोटारीचें तेल मात्र निमूटपणें गळतें. सकाळीं फरशीवर रुपयाएवढा काळा डाग दिसतो, कोणी तरी त्यावर मूठभर भुसा टाकतो, आणि गोष्ट तेथेंच राहते. आमच्या घरीं हा क्रम जवळजवळ वर्षभर चालला होता. गाडी म्हणजे १९७२ सालची ॲम्बॅसडर. आमच्या थोरल्या काकांनीं, म्हणजे आप्पांनीं, ती नवी घेतलेली. डाग वाढत वाढत परातीएवढा झाला, दर पंधरवड्यास लिटरभर तेल घालावें लागूं लागलें, आणि अखेर तरुण मंडळींनीं गाडी मोडींत काढण्याचा विषय पंगतींतच काढला. आप्पा कांहीं बोलले नाहींत; पानावरचा भात तसाच ठेवून ते आंचवावयास उठले. ज्या गाडींतून घरांतल्या तीन सुना माप ओलांडावयास आल्या, तिचा निकाल असा लागावा हें आम्हांलाही बरें वाटेना. म्हणून गळतीचें मूळ शोधण्याचें आम्हीं मनावर घेतलें. त्यांत जें शिकलों तें जुनी मोटार बाळगणाऱ्या इतर कुटुंबांसही उपयोगी पडेल, असें वाटतें.

ॲम्बॅसडर ही इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घडविलेली. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत १९५७ पासून ती तयार होऊं लागली आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. आमच्या गाडीचें १४८९ घन सेंटिमीटरचें पेट्रोल एंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेंतील. या घराण्याचीं एंजिनें एमजीए या इंग्रजी क्रीडामोटारींतही बसविलेलीं होतीं.

या एंजिनांतील चार पिस्टनांची वरखालीं होणारी धांव क्रँकशाफ्ट नांवाच्या वांकड्या दांड्यामुळें चक्रगतींत बदलते. दांडा आंत तेलांत न्हात असतो. पण त्याचीं दोन्ही टोकें कामासाठीं बाहेर यावींच लागतात. पुढच्या टोकावर पंख्याचा पट्टा फिरविणारी पुली, आणि मागच्या टोकावर गतिचक्र. येथेंच खरी अडचण आहे. ज्या भोंकांतून दांडा बाहेर येतो, तेथें त्याला मिनिटास ३००० फेरे, म्हणजे सेकंदास ५० फेरे, मोकळेपणीं घेतां आले पाहिजेत; आणि तेलाचा थेंब मात्र बाहेर पडतां कामा नये. दार उघडें ठेवावयाचें, पण घरांतलें मूल बाहेर जाऊं द्यावयाचें नाहीं, अशांतलाच हा प्रकार!

हें काम पूर्वी नमद्याच्या कड्याकडे असे. पुढें चामड्याचीं कडीं आलीं, आणि १९३६ सालीं जर्मनींतील फ्रॉयडनबर्ग या चामडें कमावणाऱ्या जुन्या पेढीनें कृत्रिम रबराचें कडें बाजारांत आणलें. आजचें ऑइल सील त्याच वंशांतलें. बाहेरून पोलादी कडें, आंत रबराचा पातळ ओठ, आणि तो ओठ दांड्यावर हलकेच दाबून धरणारी केसासारख्या तारेची वाटोळी स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार. उष्णतेनें आणि वयानें रबर कडक होतें, ओठ दांड्याला सोडतो, आणि गळती सुरू होते.

आमच्या एंजिनाविषयीं एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. त्याच्या पुढच्या झाकणांत असें सील आहे. मागच्या टोकाला मुळीं सीलच नाहीं! तेथें दांड्यावर स्क्रूसारखे आंटे कापलेले असून दांडा फिरूं लागला कीं ते आंटे बाहेर येऊं पाहणारें तेल परत आंत ढकलतात. तेव्हां ‘मागचें सील बदलून द्या’ असें अशा गाडीच्या मालकानें मिस्त्रीला सांगणें म्हणजे टक्कल असलेल्या माणसानें भांगाची चौकशी करण्यासारखें आहे.

गळती कोठून होते हें आधीं ठरवावें. सर्वांत वरचें रॉकरचें झाकण गळत असलें तरी तेल ओघळत खालींच येतें आणि पाहणारा फसतो. आम्हीं एंजिन रॉकेलनें स्वच्छ धुतलें, कोरडें केलें, गाडीखालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरलीं आणि पाव तास एंजिन चालूं ठेवलें. वरचा भाग कोरडाच राहिला. पुलीच्या मागें मात्र तेल जमलें आणि पुलीनें तें गोल फेंकल्याच्या खुणा उमटल्या. दोष पुढच्या सीलचा, हें ठरलें.

एका गॅरेजांत सील बदलून घेतलें. दोन महिन्यांत डाग पुन्हां हजर! आतां तरुण मंडळींचा पक्ष बळावला. शेवटचा उपाय म्हणून ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींना घरींच बोलाविलें, आणि यावेळीं प्रत्येक पायरी आम्हीं शेजारीं उभें राहून पाहिली.

प्रथम पाणी काढून रेडिएटर उतरविला आणि पंख्याचा पट्टा सोडविला. पुलीच्या मध्यभागीं, जेथें हँडल अडकवून गाडी सुरू करीत, तेथें एक मोठें नट असतें. त्याखालच्या वॉशरचा दुमडलेला कान सरळ केला, गाडी वरच्या गिअरांत घालून हातब्रेक ओढला, आणि मोठ्या पान्यावर हातोडीचे ठोके देऊन नट सैल केलें. मग पुली निघाली. तिच्या मानेवर बोट फिरवून मिस्त्री म्हणाले, “साहेब, हें पाहा.” जुन्या सीलच्या ओठानें वर्षानुवर्षें घांसून तेथें नखाला जाणवेल अशी खांच पडली होती. पहिल्या कारागिरानें नवें सील घातलें खरें, पण त्याचा कोवळा ओठ त्याच खांचेवर बसला होता. यावर उपाय दोन: मानेवर पातळ पोलादी बाही चढवावयाची, किंवा पुलीच नवी घ्यावयाची. आम्हीं बाही चढविली.

झाकण काढल्यावर त्यामागें बशीसारखी एक तबकडी दिसली. अंगावर आलेलें तेल सीलपर्यंत पोंचण्यापूर्वींच ती झटकून टाकते. तिच्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर असेल तर ती बाजू बाहेर ठेवावयाची. उलट बसली तर नवें सीलही हतबल होतें. नवें सील झाकणांत सारखें ठोकून बसविलें, ओठाला ग्रीस लावलें, आणि पुलीची मान तेलानें माखून ती फिरवीत फिरवीत सीलमध्यें घातली. मग पुली व झाकण मिळून दांड्यावर सरकविलीं, आणि सर्वांत शेवटीं झाकणाचे बोल्ट आंवळले. याचें कारण असें कीं, झाकण आधींच आंवळलें तर सील केसभर एका बाजूला राहतें, आणि त्या बाजूनें गळतें.

एवढें झाल्यावर मिस्त्रींनीं एंजिन सुरू करून तेल भरण्याचें टोपण काढलें. आंतून फुत्कारासारखी वाफ आली. त्यांनीं मान हलविली. इतका वेळ खुर्चींत बसून पाहणारे आप्पा तेव्हां म्हणाले, “बाजूची श्वासनळी तुंबली असेल. आमचा ड्रायव्हर दर तेलबदलाला ती रॉकेलांत धूत असे.” नळी काढली, तों ती काळ्या गाळानें बुजून गेलेली! पिस्टनांच्या बाजूनें थोडा वायू नेहमींच खालीं उतरतो. त्यास वाट न मिळाली कीं तो तेलाला नाजूक जागेंतून बाहेर लोटतो. नळी स्वच्छ केल्यावर फुत्कार शमला. तो शमला नसता, तर पिस्टनांच्या रिंगा झिजल्या असें समजावें लागलें असतें, आणि मग कोणतेंही सील पुरें पडलें नसतें.

घरांत पन्नास वर्षें ती गाडी सांभाळणारा माणूस असतां आम्हीं वर्षभर त्यांना एक शब्दही विचारला नव्हता, याची त्या वेळीं मनस्वी लाज वाटली. आपल्या मोठ्या कुटुंबांतही असेंच होतें. ज्यांच्यापाशीं अनुभव असतो त्यांचें बोलणें आपण नकळत बंद करतों, आणि मग गळती भलत्याच ठिकाणीं शोधीत बसतों.

या गोष्टीला आतां सात महिने झाले. गाडीखालीं पसरलेलें वर्तमानपत्र रोज सकाळीं आप्पा स्वत: उचलून पाहतात, आणि तें कोरडें असलें म्हणजे घडी करून त्याच जागीं पुन्हां ठेवतात. मोडीचा विषय पंगतींत पुन्हां निघालेला नाहीं. उलट धाकटा पुतण्या दर तेलबदलाला ती श्वासनळी रॉकेलांत धुण्याचें काम आप्पांच्या देखरेखीखालीं शिकत आहे.