सायनस, पांढरी गोळी आणि मी

दिवाळी झाली की आमच्या तालुक्याच्या गावी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी राख उतरायला लागते आणि इकडे माझं नाक चोंदतं. कपाळ जड, गालांची हाडं ठणकतात, खाली वाकलं की डोकं फुटेल असं वाटतं. मैत्रिणींनो, हे दुखणं तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या ओळखीचं असणार!

काही वर्षांपूर्वी अशाच हंगामात बचत गटाचा मेळावा माझ्यावर होता. घरात सासूबाईंचं आजारपण, मुलाची बारावी. झोपून राहायला वेळ कुणाला? जवळच्या दवाखान्यातून तीन दिवसांच्या गोळ्या आणल्या. त्यात एक बारीक पांढरी गोळी होती. काय सांगू, दुसऱ्याच दिवशी नाक मोकळं, डोकं हलकं! मग मी दवाखान्यात जायचंच सोडलं. त्रास झाला की रिकामी पट्टी औषधाच्या दुकानात दाखवायची आणि तसलीच दुसरी आणायची. आधी आठवडाभर, मग महिना महिना. असं दीड-दोन वर्षं चाललं.

चेहरा भरला. हळदीकुंकवाला बायका म्हणायच्या, "वहिनी, तब्येत छान सुधारली हो!" मीही खूश. पण पोट सुटलं, पित्त वाढलं, रात्र रात्र झोप येईना. पुढे आमच्याच मंडळाने भरवलेल्या आरोग्य शिबिरात माझी साखर वाढलेली निघाली. तिथल्या डॉक्टर मुलीने विचारलं, "ताई, कुठली गोळी चालू आहे का?" मी म्हटलं, "छे, सायनसची तेवढी." पट्टी बघून ती म्हणाली, "ही स्टेरॉईड आहे."

मी इतकी घाबरले, की पुढचं ऐकून न घेताच घरी येऊन सगळ्या पट्ट्या कचऱ्यात टाकल्या. ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. चार दिवसांत हातपाय गळाले, मळमळ सुरू झाली आणि एका सकाळी ओट्यापाशीच चक्कर येऊन पडले. ह्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या शरीराला रोज लागणारं कॉर्टिसॉल तयार करतात. बाहेरून गोळी मिळत राहिली की त्या सुस्तावतात. रोज आयता डबा येऊ लागला की घरातली चूल थंड पडते ना, तसं. डबा एकदम बंद केला तर घर उपाशी! म्हणून बरेच दिवस घेतलेली स्टेरॉईडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची असते. माझी सुटायला काही महिने लागले.

या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर साखर आणि रक्तदाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो, जंतुसंसर्ग लवकर होतो. हाडं ठिसूळ होतात, आणि पाळी जायच्या सुमारास आपली हाडं आधीच विरळ होत असतात. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीने किती घरं हादरली, आठवतं ना? ती बुरशी नाकातून सायनसमध्येच शिरायची. आटोक्यात नसलेली साखर आणि स्टेरॉईडचा अतिवापर ही त्यामागची मोठी कारणं होती.

म्हणजे स्टेरॉईड वाईटच का? नाही. त्याच करोनात ऑक्सिजनवर असलेल्या कितीतरी रुग्णांना त्यानेच तारलं. सायनसमध्येही, विशेषतः नाकात कोंब वाढले असतील तर, डॉक्टर मोजके दिवस गोळी देतात. नाकात मारायच्या स्टेरॉईडच्या फवाऱ्याचं औषध बहुतेक तिथल्या तिथेच काम करतं, अंगात फार थोडं जातं. त्याचा गुण यायला मात्र आठवडा-दोन आठवडे लागतात. तोही विचारूनच घ्यावा. नाक चटकन मोकळं करणारे साधे थेंब वेगळे. ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त घातले तर नाक उलट जास्त चोंदतं.

आता मी रोज मिठाच्या पाण्याने नाक धुते. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. पेलाभर पाण्यात पाव चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. घरात डासांची कॉइल आणि धूप बंद केला. झाडलोट तोंडाला ओढणी बांधूनच. तीन महिन्यांवर त्रास टिकला तर नाक-कान-घसा तज्ज्ञांना दाखवायलाच हवं. डोळ्याभोवती सूज, दृष्टी अंधूक, नाकातून काळपट स्राव किंवा तापासोबत प्रचंड डोकेदुखी असेल तर एक दिवसही थांबू नका.

खरं सांगू? त्या गोळीची सवय मला नाकामुळे नाही, संध्याकाळपर्यंत उभं राहायलाच हवं या हट्टामुळे लागली. यंदाही राख उतरली, नाक चोंदलं. मी सरळ दोन दिवस आडवी झाले. स्वयंपाक मुलाने केला. आमटी करपली म्हणे. मला कुठे वास येत होता!