गेम कॅसेटमधून सर्व्हरवर गेला, तेव्हा नेमकं काय बदललं?

आधी एक छोटी चाचणी करा. मोबाईल फ्लाइट मोडवर टाका, वाय-फाय बंद आहे ना ते बघा आणि तुमचा सगळ्यात आवडता गेम उघडा. बीजीएमआय किंवा फ्री फायर मॅक्स असेल तर लॉगिनच्या पुढे गाडी सरकणार नाही. ल्युडो किंग असेल तर कॉम्प्युटरविरुद्ध किंवा शेजारी बसलेल्या भावंडांबरोबर आरामात खेळता येईल.

व्हिडीओ गेम किती बदलले हा विषय निघाला की सगळे ग्राफिक्सबद्दल बोलतात. ग्राफिक्स बदललेच, त्यात वाद नाही. पण गेम राहतो कुठे, हा त्याहून मोठा बदल आहे. पूर्वी तो तुमच्या हातात असायचा. आता तो दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर असतो आणि तुम्हाला तिथे खेळायला येऊ दिलं जातं.

कॅसेटचे दिवस

१९७२ चा पाँग म्हणजे दोन पट्ट्या आणि एक ठिपका. १९८० मध्ये पॅकमॅन आला. पण आपल्याकडच्या घरांत व्हिडीओ गेम शिरला तो साधारण नव्वदच्या दशकात, निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल केलेल्या स्वस्त मशीनमधून. आमच्या मुरुडला (जंजिऱ्याचं नव्हे, दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं मुरुड) असलं मशीन यायचं ते मे महिन्यात किंवा गणपतीला, मुंबईच्या चाकरमान्यांच्या सामानातून. टीव्हीला वायर जोडायची, कॅसेट खोचायची आणि मारिओ सुरू. ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असायचे. तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून यादी लांबवलेली.

त्या कॅसेटमध्ये टेप नव्हतीच. आत एक सर्किट बोर्ड आणि त्यावर मेमरी चिप. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० केबीमध्ये बसवलेला आहे. आज व्हॉट्सअॅपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटोही बहुतेक वेळा याहून मोठा असतो. मशीनची रॅम होती फक्त २ केबी. कॅसेटमधली जागा वाचवायला बनवणाऱ्यांनी ढगाचं आणि झुडपाचं चित्र एकच ठेवलं, नुसता रंग बदलला. पुन्हा कधी मारिओ खेळलात तर नीट बघा.

कॅसेट चालली नाही की सगळे तिच्यात फुंकर मारायचे. खरं तर फुंकरीने काही होत नसे. काढून परत घातल्यावर पिना नीट टेकायच्या, म्हणून चालायची. उलट तोंडातल्या ओलाव्याने त्या पिना खराबच होत.

तो गेम मात्र पूर्ण तुमचा होता. कंपनी बुडाली, नेट गेलं, काहीही झालं तरी मशीन आणि वीज असेपर्यंत तो चालणार. नोकिया ३३१० वरच्या स्नेकचंही तसंच. ८४ बाय ४८ ठिपक्यांचा स्क्रीन, अपडेट नाही की लॉगिन नाही. सायबर कॅफेतल्या जीटीए व्हाइस सिटीपर्यंत हेच चालू होतं. चूक राहिली तर ती कायमची राहायची, पण जे घेतलं ते घेतलं.

मग नेट स्वस्त झालं

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाईल आला आणि गेमचं घर बदललं. अशा गेममध्ये तुमच्या फोनवर असतात फक्त चित्रं, आवाज आणि नकाशे. कोण कुठे उभा आहे, गोळी लागली का, कोण मेलं, हे सगळं सर्व्हर ठरवतो. तुमचा फोन फक्त सांगतो की ‘मी इकडे सरकलो, मी गोळी मारली.’ सर्व्हर सगळ्यांचं ऐकून निकाल कळवतो, तेही सेकंदाला कित्येक वेळा. हा निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदात मोजतात, १००० मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद.

आता मुरुडचं गणित करू. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत आहे आणि वाटेतली केबल २५० किलोमीटर आहे असं धरलं तर जाऊन-येऊन अडीच मिलिसेकंद लागायला हवेत. मग स्क्रीनवर ८०-९० कुठून येतो? बराचसा वेळ जातो फोन आणि टॉवरमध्ये, कारण टॉवर सगळ्यांना एकदम ऐकत नाही, पाळीपाळीने ऐकतो. समुद्राकाठच्या वाडीत, डोंगराच्या पायथ्याशी सिग्नल कमजोर असला की तेच निरोप पुन्हा पाठवावे लागतात. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर पर्यटक आले की टॉवर तोच आणि वाटेकरी दुप्पट. आणि गेमने तुम्हाला सिंगापूरच्या सर्व्हरवर टाकलं असेल तर नुसत्या अंतरानेच ४० मिलिसेकंद वाढतात. त्यावर कुठलंही ‘पिंग बूस्टर’ अॅप काही करू शकत नाही. प्रकाशाला कोण पळवणार?

‘मी भिंतीमागे गेलो होतो, तरी मेलो!’ ही तक्रार तुम्हीही केली असेल. दरवेळी समोरचा हॅकर नसतो. अनेक शूटिंग गेममध्ये सर्व्हर थोडा वेळ मागे जाऊन बघतो की गोळी मारली त्या क्षणी मारणाऱ्याला स्क्रीनवर काय दिसत होतं. त्याच्या स्क्रीनवर तुम्ही अजून भिंतीबाहेरच होतात, म्हणून गोळी लागली. ही निकालाची पद्धत आहे, बग नाही.

चावी कोणाकडे?

२ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजी मोबाईलवर बंदी घातली. फोनमधून अॅप कोणी काढून नेलं नाही. पण ३० ऑक्टोबरला भारतासाठी सर्व्हर बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेले सगळे स्किन फोनमध्ये असूनही नसल्यासारखे झाले. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तो स्टोअरवरून गेला, मे २०२३ मध्ये परतला. बंदी बरोबर की चूक हा वेगळा विषय. तांत्रिकदृष्ट्या अशी बंदी शक्य झाली, कारण गेम आपल्याकडे नव्हताच. सुपर मारिओवर आज कोणी बंदी घातली तरी माळ्यावरची कॅसेट चालेलच.

आणि यात फक्त सरकारच नसतं. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा विकत घेतलेला रेसिंग गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला, सर्व्हरच काढून घेतले. त्यावरून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या.

आपल्या महाराष्ट्रात दोन्ही तऱ्हेचे गेम बनतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ काढला. एकट्याने खेळायचा, कथा असलेला, एकदा घेतला की संपवायचा. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा २०२४ चा ‘इंडस’ हा बॅटल रॉयल आहे, म्हणजे सर्व्हरवर राहणारा. दुसऱ्या तऱ्हेला मी वाईट म्हणणार नाही. शंभर जणांनी एकदम खेळायची मजा कॅसेटमध्ये कधीच मिळाली नसती. शिवाय असा गेम फुकट मिळतो, म्हणून पाच-सात हजारांच्या फोनवाल्यालाही खेळता येतो. पण सर्व्हरचं भाडं रोज चालू असतं. ते तुमच्या स्किनच्या पैशांतून निघतं. म्हणूनच रोजचं बक्षीस, सीझन पास, ‘आजच शेवटचा दिवस’ हे सगळं. तुम्ही रोज परत यावं यासाठीच ते बसवलेलं असतं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर वीज आणि नेटवर्क कित्येक दिवस नव्हतं. जनरेटरवर फोन चार्ज करून मिळाला तरी पबजी उघडत नव्हता. ल्युडो आणि साप मात्र चालत होते. तेव्हापासून माझ्या फोनमध्ये दोन-तीन ऑफलाइन गेम कायम असतात.

सर्व्हरवरचा गेम खेळत असाल तर आजच एक काम करा. सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट कशाला जोडलंय ते बघा. ‘गेस्ट’ असेल तर फोन बिघडला किंवा अॅप उडालं की सगळी प्रगती गेलीच समजा. जीमेलला जोडलं असेल तर तो जीमेल नक्की तुमचाच आहे ना? गावाकडे बऱ्याच फोनमधला जीमेल मोबाईल दुकानदाराने पहिल्या दिवशी काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्यालाच माहीत, किंवा त्यालाही नाही. तो आधी बदलून घ्या, स्वतःचा नंबर टाका आणि मग स्किनवर पैसे घालायचे की नाही ते ठरवा.