सतरा मिनिटांची ठिणगी

रात्रीचे आकाश शांत वाटते. ध्रुव तारा आज जिथे दिसला, तिथेच उद्याही दिसतो. पण ही शांतता आपल्या डोळ्यांपुरतीच. क्ष-किरण टिपणाऱ्या दुर्बिणीला आकाशात सतत ठिणग्या उडताना दिसतात. त्या काही मिनिटे किंवा काही तास लखलखतात आणि विझतात. शास्त्रज्ञ त्यांना 'अल्पजीवी स्रोत' म्हणतात. अडचण अशी, की ठिणगी कुठे आणि केव्हा उडेल हे आधी कळत नाही. दुर्बीण तिकडे वळेपर्यंत सारे संपलेले असते.

वातावरण क्ष-किरण अडवते. ते आपल्या आरोग्यासाठी चांगले. पण त्यामुळे निरीक्षणे अंतराळातूनच करावी लागतात. चीनने ९ जानेवारी २०२४ रोजी सोडलेला 'आइन्स्टाइन प्रोब' हा उपग्रह त्यासाठीच आहे. युरोपीय अंतराळ संस्थाही या मोहिमेत सहभागी आहे. क्ष-किरण साध्या आरशावर समोरून पडले तर परावर्तित होत नाहीत; अगदी तिरपे, घासून गेले तरच वळतात. शेवंडीच्या डोळ्यात बारीक चौकोनी नळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींवरून प्रकाश परावर्तित होतो. याच रचनेवरून या उपग्रहाची दुर्बीण बनवली आहे. ती एका वेळी जवळजवळ एक दशांश आकाश पाहते.

१५ मार्च २०२४ रोजी तिला एक ठिणगी दिसली. ती सतरा मिनिटांहून अधिक काळ टिकली. साधारण तासाभरातच 'अ‍ॅटलास' या दुर्बिणींच्या जाळ्याने त्याच जागी मंद प्रकाश टिपला. त्या प्रकाशाचे पृथक्करण केल्यावर तो सुमारे साडेबारा अब्ज वर्षांपूर्वी निघाल्याचे समजले. विश्वाच्या बालपणी एका प्रचंड ताऱ्याचा झालेला तो अंत होता. त्यातले गॅमा किरण क्ष-किरणांनंतर सुमारे सहा मिनिटांनी आले. हा फरक याहून बराच कमी असतो, अशी तोवरची समजूत होती. स्फोट नेमका कसा होतो, याचा पुन्हा विचार करणे भाग पडले. दृश्य प्रकाश वेळेवर सापडला नसता, तर ही ठिणगी किती दूरची, हेही कळणे कठीण होते.

'अ‍ॅटलास'चे मूळ काम वेगळे आहे. पृथ्वीच्या दिशेने येणारे लघुग्रह वेळीच ओळखणे, हे ते काम. आकाशाच्या एकाच भागाची पुन्हा पुन्हा छायाचित्रे घ्यायची आणि त्यांत काय बदलले ते शोधायचे, ही त्याची पद्धत. १ जुलै २०२५ रोजी याच जाळ्यातील चिलीमधल्या दुर्बिणीला '३आय/अ‍ॅटलास' हा धूमकेतू सापडला. सूर्यमालेबाहेरून आलेला हा केवळ तिसरा ज्ञात पाहुणा.

धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धुळीचा थंड गोळा. तरीही तो क्ष-किरण सोडतो. १९९६मध्ये 'रोसॅट' उपग्रहाने ह्याकुताके धूमकेतूत ते पाहिले, तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले. सौरवाऱ्यातील ऑक्सिजन, कार्बन यांच्या अणूंचे बरेच इलेक्ट्रॉन आधीच गमावलेले असतात. धूमकेतूच्या वायूकडून ते इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि त्या देवाणघेवाणीत क्ष-किरण बाहेर पडतात, असा त्याचा उलगडा पुढे झाला.

या पाठलागात जागेलाही महत्त्व आहे. चिलीत दिवस उजाडला की तिथल्या दुर्बिणी बंद होतात आणि पाठलाग दुसऱ्या देशाकडे सोपवावा लागतो. हवाई आणि चिली यांच्याकडे दिवस असताना भारतात रात्र असते. लडाखमध्ये हानले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था यांची 'ग्रोथ-इंडिया' ही ७० सेंटिमीटर व्यासाची स्वयंचलित दुर्बीण आहे. अशा ठिणग्यांचा मागोवा घेणे हेच तिचे मुख्य काम.

विझत जाणारा हा प्रकाश इतका मंद असतो, की जवळपासच्या दिव्यांच्या उजेडातही तो बुडतो. म्हणूनच २०२२मध्ये हानले परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. साडेबारा अब्ज वर्षे प्रवास करून आलेला प्रकाश शेवटच्या टप्प्यावर रस्त्यावरच्या दिव्यामुळे हरवू नये, यासाठी काळोखही जपावा लागतो.