अपुऱ्या गोधड्या

भाद्रपद सरत आला की बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या आमच्या सीमाभागात घरोघरी अंथरूण-पांघरुणाची झडती सुरू होते. घटस्थापनेपूर्वी घरातली प्रत्येक गोधडी पाण्यातून निघालीच पाहिजे, हा येथला जुना दंडक. मांजरा आणि कारंजा या नद्यांच्या काठी त्या दिवसांत खडकांवर, कुंपणांवर, बाभळीच्या फांद्यांवर रंगीबेरंगी गोधड्या वाळत पडलेल्या दिसतात. भिजलेली गोधडी पिळावयास दोन माणसे लागतात. एरवी एकमेकींशी अबोला धरलेल्या जावांनाही त्या दिवशी गोधडीची दोन टोके धरून समोरासमोर उभे राहावे लागते. या गडबडीत माळ्यावरच्या गाठोड्यातून किंवा लोखंडी पेटीच्या तळातून एक वस्तू हमखास बाहेर येते. ती धुतली जात नाही, पांघरली जात नाही आणि टाकलीही जात नाही. तिच्यात कोठेतरी गंजलेली सुई टोचलेली असते आणि सुईत वीतभर दोरा लोंबत असतो. ती म्हणजे अर्धी राहिलेली गोधडी. पुरी झालेल्या गोधड्यांविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. या अपुऱ्या गोधड्यांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

प्रथम नावांविषयी थोडेसे. आमच्या शाळेतील एका वर्गात एकदा आम्ही मुलांना घरी या वस्तूस काय म्हणतात ते पाटीवर लिहावयास सांगितले. औराद-भालकीकडच्या मुलांनी ‘गोधडी’ आणि ‘वाकळ’ लिहिले, कन्नड घरच्यांनी ‘कौदी’, तेलुगू घरच्या दोघांनी ‘बोंत’, आणि दखनी बोलणाऱ्या एका मुलीने ‘गोदडी’. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बीदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, नारायणखेड आणि जहिराबाद आंध्रात गेले, आणि भालकी, हुमनाबाद, औराद, बसवकल्याण हा भाग बीदरसह म्हैसूर राज्यात आला. सोयरीक मात्र होती तेथेच राहिली. त्यामुळे आमच्याकडच्या कोणत्याही जुन्या वाकळेत उदगीरच्या मावशीचे लुगडे, नारायणखेडच्या आत्याची चोळी आणि कलबुर्गीच्या काकांचे धोतर एकाच चौकात सापडते. त्या कापडाचे राज्य कोणते, हे अद्याप कोणी ठरविलेले नाही.

या प्रदेशाला सुईची प्रतिष्ठा जुनीच आहे. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांच्या मेळ्यात सुईकाम हेच ज्यांचे कायक होते असे रामितंदे नावाचे शरण होऊन गेले. कन्नडमध्ये त्यांना ‘सूजिकायकद रामितंदे’ असेच म्हणतात. आपल्या वारकऱ्यांचे नामदेव तर जातीचे शिंपी. चिंध्यांचे वस्त्र पांघरून गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६–१९५६) लोक गोधडेमहाराज म्हणत. असो. संतांची गोधडी शिवून तयार असते. आपल्या घरची मात्र शिवावी लागते.

ती शिवावयाची कशी, हे जाणणाऱ्या स्त्रिया आता साठीच्या पुढे गेल्या आहेत, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो. खालच्या अस्तराला एखादे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले नऊवारी लुगडे घ्यावयाचे. इरकली असल्यास उत्तम, कारण त्याचे काठ झिजता झिजत नाहीत. सारवलेल्या जमिनीवर ते ताणून पसरावयाचे आणि चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू ठेवावयाच्या, पाटा, वरवंटा, जे हाताशी असेल ते. त्यावर धोतरे, सदरे, फाटक्या चादरी यांचे थर येतात. हे थर घालणे हीच खरी विद्या. एका जागी कापड दुणावले की गाठ बसते आणि एका जागी विरले की तेथूनच थंडी आत येते. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० फूट उंचीवर आहे, हे पौष महिन्यात अंगाला कळते. सर्वांत वर तुकड्यांचे तोंड: कोठे चौकोन, कोठे शंकरपाळी, कोठे खणाची पट्टी. मग लांब लांब टाक्यांनी सगळे टाचून घ्यावयाचे आणि बाहेरच्या काठापासून धावदोरा घालीत, चौकोनी फेरे मारीत, आत आत मध्याकडे जावयाचे. दोरा मेणावरून ओढून घेतला म्हणजे गुंतत नाही. बोटात अंगुस्तान नसेल तर दुसऱ्या दिवशी सुई धरवत नाही.

आम्ही एकदा याचा हिशेब मांडला. सहा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी बेताची गोधडी धरली, आणि ओळी अर्ध्या इंचावर धरल्या, तर ९६ ओळी होतात. प्रत्येक सहा फुटांची, म्हणजे एकूण ५७६ फूट शिवण. इंचाला चार टाके या मानाने २७,६४८ टाके! मिनिटाला पंधरा टाके घालणारा सरावलेला हात धरला तरी तीस तासांहून अधिक काम. फेरे मारून शिवले तरी शिवणीची लांबी साधारण तेवढीच भरते. तुकडे कातरणे, जोडणे, थर घालणे वेगळेच. घरकाम उरकून दुपारी एक तास मिळतो असे समजले तरी महिना-दीड महिना जातो, आणि तो तास रोज मिळतो असे ज्यांस वाटते त्यांनी एखाद्या शेतकऱ्याच्या घरी चार दिवस राहून पाहावे.

म्हणूनच गोधड्या अपुऱ्या राहतात. सुगी संपली की फाल्गुन-चैत्रात काम हाती घेतले जाते आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की ते गुंडाळून माळ्यावर जाते. मधे कोणाचे बाळंतपण येते, कोणाचे आजारपण. परंतु आमच्या मते याहून मोठे कारण कापडाचे आहे. १९७० नंतर टेरिकॉट आणि नायलॉन खेड्यांपर्यंत पोचले. ते झिजत नाही, घाम टिपत नाही आणि सुईखाली घसरते. त्याची गोधडी होत नाही. उरलेसुरले सुती कापड बोहारणीच्या टोपलीत गेले आणि त्याच्या बदल्यात फळीवर स्टीलची भांडी चमकू लागली. गृहिणींना आम्ही दोष देत नाही. भांडे दिसते, शिवण दिसत नाही. सोलापूरची चादर शंभर मैलांच्या आत होतीच. जेथे हातांना सवड नव्हती तेथे पूर्वीपासून गोंधळी किंवा बुडगा जंगम समाजांच्या स्त्रिया दारी येऊन मजुरीवर कौद्या शिवून देत; त्यांचेही येणे विरळ झाले आहे.

आता मुख्य प्रश्न. आई किंवा सासू गेली आणि तिची गोधडी अर्धी राहिली, तर ती पुरी करावी की तशीच ठेवावी? पुरी करणाऱ्यांसाठी अनुभवी स्त्रियांकडून ऐकलेल्या काही गोष्टी सांगतो. आधी कापड उजेडासमोर धरून पाहावे. जेथे सूत विरले आहे तेथे चिमटीत धरून हलकेच ताणावे; फाटले तर त्या जागी ठिगळ लावल्यावाचून पुढे जाऊ नये. नवा पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुती कापडावर कदापि घालू नये, कारण दोरा बळकट आणि कापड दुबळे असले की ओढाताणीत दोरा कापडाला कापतो. सुतीच दोरा घ्यावा. भर म्हणून नवे कापड घालावयाचे झाले तर ते आधी रात्रभर भिजवून, वाळवून घ्यावे. नाही तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि सगळी गोधडी चुण्यांनी गोळा होते. लाल आणि गडद निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके चोळून पाहावे. रंग लागला तर ते तुकडे वेगळे धुऊन घ्यावेत. जुनी सुई गंजून डाग पडला असेल तर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवावे, मग स्वच्छ धुवावे. डाग पुरता गेला नाही तरी फिकट होतो.

शिवणयंत्राविषयी आमचे मत स्पष्ट आहे. पाच-सहा थरांतून यंत्राची सुई अडखळते, आणि निघाली तरी शिवण ताठ होते. गोधडीचा मऊपणा हा सैल हातटाक्यात असतो. कडेची पट्टी यंत्रावर घालावयास हरकत नाही. दुसरे असे की, आधीचे टाके वाकडे आहेत म्हणून उसवू नयेत. आपला टाका वेगळा पडणारच. जेथे एकीचा हात थांबला आणि दुसरीचा सुरू झाला ती जागा दिसली तर बिघडत नाही.

इंग्लंडमध्ये तुकड्यांची पांघरुणे करण्याची एक रीत आहे. कागदाचे आकार कातरून त्यांवर कापड मुडपून टाचतात, तुकडे एकमेकांस जोडतात आणि शेवटी कागद काढून घेतात. काम अर्धे राहिले की कागद आतच राहतात. ते जुन्या पत्रांचे, हिशेबाच्या वह्यांचे, वर्तमानपत्रांचे असतात, आणि त्यांवरून पांघरूण कोणत्या काळचे हे अभ्यासकांना सांगता येते. तेथील क्विल्टर्स गिल्ड या संस्थेच्या संग्रहातील रेशमी तुकड्यांच्या पांघरुणावर १७१८ हे साल तुकड्यांनीच जोडून घातलेले आहे. आमच्याकडे कागद नसतात, पण कापड स्वतःच बोलते. गणवेशाची खाकी, गिरणीचा शिक्का राहिलेला मांजरपाटाचा कोपरा, एखाद्या लग्नातल्या शालूचा काठ, यांवरून घरातल्या म्हाताऱ्या साल सांगतात आणि ते बहुधा बरोबर असते. ते सांगणाऱ्या आहेत तोवर एका वहीत उतरवून ठेवावे. आमच्या वरच्या वर्गातील काही मुलींनी असे केले. निबंधाच्या वहीत एवढे शुद्ध मराठी त्यांनी कधी लिहिले नव्हते.

आपल्याच राज्यातील एक उदाहरण येथे सांगितले पाहिजे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. घरची भाषा कोकणीच्या वळणाची. त्यांच्या स्त्रियाही काठापासून मध्याकडे शिवीत जातात आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुले’ लावतात. फुलांवाचून कवंदी त्यांच्या लेखी पुरी होत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कला-इतिहासकार हेन्री ड्रूअल यांच्या सहकार्याने २००४ च्या सुमारास या स्त्रियांची सहकारी संघटना उभी राहिली आणि त्यांच्या कवंद्या परदेशातील प्रदर्शनांत गेल्या. आमच्या बाजारात मात्र कौदी विकत घेणारा अजूनही ‘चिंध्याच तर आहेत’ म्हणून घासाघीस करतो. सत्तावीस हजार टाक्यांचा हिशेब अशा गिऱ्हाइकाला एकदा ऐकवावा, असे आमच्या मनात अनेकदा येते.

भालकी तालुक्यातील आमच्या परिचयाच्या एका घरात तीन भाऊ वेगळे झाले. जमीन, विहिरीची पाळी, गुरे, भांडी, सगळ्याची वाटणी कागदावर झाली. मग पेटीतून आईची अर्धी राहिलेली गोधडी निघाली. तिघांच्याही लहानपणच्या सदऱ्यांचे तुकडे तीत होते, वडिलांचे धोतर होते, आणि मध्यभागी हातभर जागा शिवावयाची राहून गेली होती. ती कोणी घ्यावी यावर बोलणे वाढले. धाकटा म्हणाला की तिचे तीन भाग करा. थोरल्या वहिनींनी कात्री उचलून कोनाड्यात ठेवली आणि उदगीरला दिलेल्या नणंदेला निरोप धाडला. अक्का आल्या. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. ओसरीवर गोधडी पसरली, आईची गंजकी सुई काढून वेगळी ठेवली आणि आपल्या सुईत दोरा ओवला. दुसऱ्या दिवशी मधली वहिनी समोर येऊन बसली, तिसऱ्या दिवशी धाकटी. तिघींचे टाके तीन तऱ्हेचे पडले. अक्कांचे बारीक, मधलीचे लांब, धाकटीचे तिरपे. नऊ दिवस हे चालले. त्या नऊ दिवसांत भाऊ एकमेकांशी फारसे बोलले नाहीत, पण सुईत दोरा ओवून देण्यासाठी आळीपाळीने बोलावले की येत.

आमच्या भागातील काही घरांत गोधडी उपाशी ठेवू नये असा समज आहे. शेवटचा चौक बंद करण्यापूर्वी आत भाकरीचा कोर किंवा चिमूटभर धान्य घालतात, म्हणजे पांघरणाऱ्याला अन्न कमी पडत नाही. त्या दिवशी घरात ज्वारीची भाकरी होती, तिचाच कोर आत गेला. शेवटची गाठ अक्कांनी मारली आणि दोरा दातांनी तोडला. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षाच्या अमावास्येला, तिन्ही घरे अजूनही एकाच शेतात जेवतात. भज्जी आणि आंबील थोरल्याकडची असते. त्या दिवशी गोधडी एका घरून दुसऱ्या घरी जाते. या वर्षी ती मधल्याकडे आहे, आणि त्याच्या नातीने तिच्यावर दौत सांडून ठेवली आहे.