बिळाच्या तोंडाशी

नान्नजच्या माळावर खोकडाची बिळं शोधायला मार्च-एप्रिल बरा. गवत वाळून बसलेलं असतं, पिल्लं बाहेर खेळू लागलेली असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात उकरलेल्या मातीचा ढीग लांबूनच उठून दिसतो.

बीळ दिसलं तरी लगेच जवळ जायचं नाही. मादीला संशय आला तर ती पिल्लं दुसरीकडं हलवते. आधी दुर्बीण लावायची. एका बिळाला अनेक तोंडं असतात आणि त्यातलं चालतं कोणतं हे ओळखण्यात खरं कसब आहे. कोळ्याचं जाळं अखंड असेल तर तिथून ये-जा नाही. मोकळी, ताजी माती, उंदराच्या शेपटीचा तुकडा, बोराच्या आठळ्या असलेली विष्ठा दिसली, की घर नांदतं आहे. शंका उरलीच तर संध्याकाळी तोंडाशी चाळलेली माती पसरायची आणि सकाळी ठसे पाहायचे. मांजराएवढेच, पण नखांची खूण उमटलेले.

जुन्या नकाशावरची काही बिळं आता द्राक्षबागेत गेली आहेत. हिमालयाच्या पायथ्यापासून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत पसरलेला हा प्राणी भारतीय उपखंडाबाहेर कुठंच नाही. आययूसीएनच्या यादीत तो संख्या घटत असूनही सर्वांत कमी चिंतेच्या गटात आहे. मला ही निश्चिंती पटत नाही. प्रसाराचा नकाशा भला मोठा दिसतो, पण बिळासाठी खोकड निवडतं मूळचा गवताळ माळ, आणि त्याची आता ठिगळंच उरली आहेत. कागदोपत्री पडीक ठरलेल्या माळावर कधी नांगर फिरतो, कधी गिरिपुष्पाची रोपं लागतात.

धनगरांची मेंढरं इथं पूर्वापार चरतात; आखूड गवत खोकडाला मानवतं. धोका आहे तो मोकाट कुत्र्यांचा. संशोधक अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खाद्य ठेवून पाहिलं, तेव्हा कुत्रा जवळ असला की खोकड कमी खातं असं दिसलं. या परिसरात तपासलेल्या बहुतेक कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्हो या खोकडालाही जडू शकणाऱ्या विषाणूंच्या संसर्गाच्या खुणाही सापडल्या. दोन-तीन किलोच्या जिवाला एवढं पुरे आहे.

म्हणून बिळाभोवती कुत्र्यांचे ठसेही नोंदवायचे: तोंडापासून किती पावलांवर, ताजे की जुने. जिथं ते वाढताना दिसतात, त्या वस्तीतल्या कुत्र्यांचं लसीकरण आधी व्हायला हवं, पुढच्या हंगामातली पिल्लं बिळाबाहेर पडायच्या आत.