जीपचा क्रॉस

जुनी जीप क्लच सोडताच खालून 'खट्ट' करू लागली, की प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातील क्रॉस बहुधा झिजलेला असतो. तो घरी प्रथमच बदलणाऱ्याने आधी चाकांना दगड लावावेत. कारण या जीपचा हातब्रेक चाकांवर नव्हे, शाफ्टवर चालतो आणि मागचा शाफ्ट उतरताच तो निरुपयोगी होतो. गाडीखाली निजलेल्याला हे विस्मरण परवडणारे नाही. जोडावर खूण करून शाफ्ट सोडावा, सर्कलिपा काढून जुन्या वाट्या शेगड्यात दाबून काढाव्यात. खरी कसोटी नव्या वाट्या बसविताना लागते. आतील सुईसारखा एखादा रूळ आडवा पडला, तर वाटी पुरती बसत नाही व सर्कलिप खाचेत शिरत नाही. उतावळा मनुष्य येथेच हातोडा उचलतो! त्याऐवजी वाटी काढून रूळ ग्रीसने पुन्हा उभे चिकटवावेत. सांधा हाताने मोकळा फिरला, की खुणेला खूण जुळवून शाफ्ट चढवावा.