धोतर, पंचे आणि नोबेलचा आठवडा

तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावायची सवय असलेल्या माझ्यासारख्या बेळगावकरणीला स्टॉकहोमने पहिल्याच दिवशी चकवले. २०१९ च्या डिसेंबरात मी लेकीकडे गेले होते. तिथे त्या दिवसांत दुपारी पावणेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. जेवणाची भांडी आवरते न आवरते तोच बाहेर मिट्ट काळोख! पण त्या काळोखात घरोघरच्या खिडक्यांत कागदी चांदण्या आणि दिव्यांच्या रांगा. आपली दिवाळीच जणू, फक्त फटाके नाहीत. आणि त्यातच नोबेलचा आठवडा आला होता.

आमच्या घरात मात्र वेगळाच विषय चालू होता. लेकीच्या स्वयंपाकघरात शाळेचा एक अर्ज येऊन पडला होता. स्वीडनमध्ये शाळेत जाणाऱ्या मुलांना घरची भाषा शिकवण्याची सोय सरकार करते. मात्र ती भाषा घरात रोज बोलली गेली पाहिजे, गावात निदान पाच मुलांची मागणी हवी आणि शिक्षक मिळायला हवा. शिवाय एका मुलाला एकच भाषा. आता आली का पंचाईत? माझी लेक मराठी, जावई धारवाडचे, कानडी. सात वर्षांच्या नातीच्या अर्जातला भाषेचा रकाना रिकामाच होता. भांडण असे नव्हते, पण तो कागद दिसला की दोघेही गप्प होत. बेळगाव-धारवाडकडच्या घरांना ही गप्प राहण्याची रीत सांगायला नको.

नोबेल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर राजाच्या हातून पदक घेणारा शास्त्रज्ञ येतो. प्रत्यक्षात हा उत्सव आठवडाभर चालतो आणि त्यातले बरेच काही सर्वांसाठी खुले असते. ८ डिसेंबरला स्टॉकहोम विद्यापीठाच्या सभागृहात भौतिक, रसायन आणि अर्थशास्त्राच्या मानकऱ्यांची व्याख्याने झाली. त्यांना तिकीट नव्हते. कोणीही जाऊन बसावे. जावई जाऊन ऐकून आले. मी नातीला घेऊन जुन्या शहरातले नोबेल संग्रहालय पाहिले. तिथल्या उपाहारगृहात एक गंमत आहे. मानकरी मंडळी वहीवर नव्हे, खुर्चीच्या खालच्या बाजूला सही करतात! नात प्रत्येक खुर्चीखाली वाकून बघत होती. येताना सोनेरी कागदातली, पदकासारखी दिसणारी चॉकलेटे घेतली.

साहित्याच्या मानकरी ओल्गा तोकार्चुक यांचे व्याख्यान आम्ही घरी बसून पाहिले. २०१८ सालचा साहित्याचा पुरस्कार पुढे ढकलला गेल्यामुळे त्यांचा सन्मान २०१९ मध्ये होत होता. बाई पोलिश भाषेत बोलल्या. जगभरातून लोक ऐकत असताना त्यांनी आपली भाषा सोडली नाही, आणि सुरुवात केली ती आईच्या एका जुन्या छायाचित्राच्या आठवणीने. मला शब्द कळत नव्हता, पण लेक खाली येणारा मजकूर वाचून सांगत होती. १९७८ साली आयझॅक बाशेव्हिस सिंगर यांनीही याच शहरात आपल्या भाषणाची सुरुवात यिडिश भाषेत केली होती, हे जावयांनी सांगितले. नाझींनी केलेल्या संहारात ती भाषा बोलणारी लाखो माणसे मारली गेली, तरी तिची लाज न बाळगता ते उभे राहिले.

मुख्य सोहळा १० डिसेंबरला, म्हणजे आल्फ्रेड नोबेल यांच्या पुण्यतिथीला असतो. ते १८९६ साली इटलीतल्या सान रेमो गावी वारले, आणि पाच वर्षांनी, १९०१ मध्ये पहिली पारितोषिके दिली गेली. शांततेचे पारितोषिक तेवढे नॉर्वेतल्या ऑस्लोला देतात. स्टॉकहोमचा समारंभ एका निळ्या संगीतगृहात होतो. समोरच्या चौकात रोजचा भाजीबाजार भरतो, हे पाहून मला गणपत गल्लीची आठवण झाली. आत मात्र निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. आम्ही बाहेरून इमारत पाहिली आणि घरी येऊन दूरदर्शनसमोर बसलो. तिथे हा दिवस असाच साजरा होतो. काही चांगलेचुंगले खायला करायचे आणि कोणी काय नेसले यावर चर्चा करायची. मी शिरा केला होता.

त्या दिवशी शहरात सगळेच आनंदात नव्हते, हेही सांगायला हवे. २०१९ चे साहित्याचे मानकरी पीटर हांडके यांनी बोस्नियातल्या संहाराबद्दल घेतलेल्या भूमिकेचा निषेध करायला लोक थंडीत दुसऱ्या एका चौकात उभे होते. रोषणाई तिथे होती आणि दुःखही.

पडद्यावर मानकरी एकेक पुढे येत, राजे कार्ल गुस्ताफ यांच्याकडून पदक आणि मानपत्र घेत आणि तीनदा लवून अभिवादन करत. अर्थशास्त्राची पाळी आली आणि अभिजित बॅनर्जी आले. बंदगळ्याचा कोट आणि धोतर! त्यांच्या पत्नी एस्थर डुफ्लो निळसर हिरव्या साडीत, कपाळाला टिकली. त्या समारंभाचा नियमच असा आहे की पुरुषांनी पांढरा बो आणि शेपटीचा कोट घालावा, नाहीतर आपल्या देशाचा पोशाख करावा.

"आज्जी, ह्या काकांनी काय घातलंय?" नातीने विचारले.

"धोतर," लेक म्हणाली.

"पंचे," त्याच क्षणी जावई म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसू लागले. नात म्हणाली, "दोन नावं आहेत?" आणि दोन्ही शब्द पाठ करत घरभर नाचू लागली.

मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली. अभिजित यांचा जन्म मुंबईचा, १९६१ सालचा. वडील दीपक बॅनर्जी बंगाली आणि आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर. म्हणजे त्या मंचावर धोतर नेसून उभा राहिलेला माणूस आपल्या नातीसारखाच दोन भाषांच्या घरातला. त्यांच्या आणि डुफ्लोबाईंच्या संशोधनातला एक भाग मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत झाला होता. वर्गात मागे पडलेल्या मुलांना परिसरातलीच एखादी तरुणी 'बालसखी' म्हणून वेगळे बसवून वाचायला शिकवी आणि मुले पुढे जात.

जावयांनी रामन यांची आठवण काढली. १९३० साली ते पारितोषिक घ्यायला आले, तेव्हा त्यांना ब्रिटिशांच्या निशाणाखाली बसावे लागले. आपल्या देशाला स्वतःचा झेंडाही नाही, या विचाराने डोळे भरून आल्याचे त्यांनी पुढे सांगितले होते. त्यापुढे २०१९ चे हे धोतर पाहून बरे वाटले.

रात्री नगरभवनात मेजवानी होती. सुमारे तेराशे पाहुणे, प्रत्येकाच्या वाट्याला टेबलाची साठेक सेंटिमीटर जागा. आपल्या पंगतीपेक्षा फार मोठी नव्हे! ज्या दालनात जेवण होते त्याचे नाव निळे दालन, पण भिंती लाल विटांच्या. बांधणाऱ्याने बेत बदलला, नाव राहून गेले.

१३ तारखेला शाळेत लुसियाचा सण झाला. पांढरे झगे घातलेल्या मुली हातात दिवे घेऊन गात आल्या. त्यांत आमची नातही होती. ती अस्खलित स्वीडिश गात होती. तेव्हा मनात चर्र झाले. स्वीडिश तिला येणारच, पण उरलेल्या दोघींचे काय?

संध्याकाळी केशराचे पाव खाताना मीच जावयांना म्हटले, "जावईबापू, त्या रकान्यात कानडी लिहा. मराठी तिची आई दिवसभर बोलते. वाचायला मी शिकवीन, दर रविवारी फोनवर."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अत्ती, तुम्ही असं म्हणाल असं वाटलं नव्हतं."

मलाही वाटले नव्हते. सीमेवर जन्म गेलेल्या माणसाला आपल्या भाषेची जागा दुसऱ्या भाषेला देणे सोपे नसते. पण तो रकाना रिकामा राहिला असता, तर दोन्ही भाषा हरल्या असत्या.

आमचे रविवार अजून चालू आहेत. आणि १० डिसेंबरला नातीचा फोन येतो. यंदा कोणी धोतर नेसले का, ते सांगायला. कधी ती धोतर म्हणते, कधी पंचे.